धीर धरलाय का हट्ट? शेअर पडल्यावर दोन्ही सारखेच दिसतात

शेअर पडला तरी विकला नाही म्हटल्यावर बघणाऱ्याला एवढंच दिसतं की माणूस थांबलाय. धीराने थांबलाय का हट्टाने, ते बऱ्याचदा त्याचं त्यालाही कळत नाही.

आपल्या जळगाव-धुळ्याकडे हे डिमॅट (शेअर ठेवायचं खातं) नसलेल्यालाही समजेल. २०२२ ला कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला आणि पुढच्या हंगामात तोच भाव परत येईल म्हणून लोकांनी कापूस घरात भरून ठेवला, आमच्याही घरात होता. भाव आठवर आला, मग सातवर, वजन घटलं, पोरांच्या अंगाला खाज सुटली तरी आम्ही थांबलेलोच. सुरुवातीला तो धीर होता, कारण मागच्या वर्षी थांबलेल्यांना खरंच भाव मिळाला होता. नंतर नंतर कारण काहीच राहिलं नाही, फक्त "दहाच्या खाली द्यायचा नाही" एवढा आकडा राहिला, आणि दारात आलेल्या व्यापाऱ्याला आपल्या डोक्यातल्या आकड्याशी काय घेणं देणं?

शेअरचंही तेच. धीरवाल्याने घेतानाच ठरवलेलं असतं का घेतोय, कधीपर्यंत, आणि काय झालं तर निघायचं. भाव पडला तरी त्याचं कारण तेच राहतं आणि कारण मोडलं तर तो तोट्यातही विकतो. हट्टवाल्याचं कारण भावासोबत बदलत जातं. मी एकदा इंट्राडेसाठी, म्हणजे त्याच दिवशी विकायला, १८० ला शेअर घेतला, स्टॉपलॉस (तोटा वाढू नये म्हणून आपोआप विकायचा भाव) १७२ ला लावला, भाव १७३ ला आल्यावर तो खाली सरकवून १६५ केला, मग काढूनच टाकला, डिलिव्हरीत घेतला म्हणजे खात्यात ठेवून दिला आणि घरी सांगितलं की लाँग टर्मचा आहे. स्टॉपलॉस ज्या क्षणी सरकवला ना, तिथेच धीर संपला होता.

हे सगळ्यांचंच होतं बरं का. शेफरिन आणि स्टॅटमन या अभ्यासकांनी १९८५ मध्येच याला डिस्पोझिशन इफेक्ट नाव दिलं, म्हणजे नफ्यातला शेअर माणूस घाईने विकतो आणि तोट्यातला धरून बसतो कारण विकला की चूक कबूल करावी लागते. आणि हिशोब बघा, २० टक्के पडलेला शेअर मूळ भावाला यायला २५ टक्के वाढावा लागतो, ५० टक्के पडलेला पूर्ण १०० टक्के!

अ‍ॅव्हरेजिंग (पडल्या भावाला आणखी शेअर घेऊन सरासरी खाली आणणं) दोघंही करतात, फक्त धीरवाल्याने त्याचे पैसे आधीच बाजूला काढलेले असतात.

ऑप्शन (ठरलेल्या मुदतीत ठरलेल्या भावाला शेअर घ्यायचा किंवा विकायचा हक्क) घेणाऱ्यांनी तर हा फरक जास्तच जपावा. शेअर कापसासारखा आहे, घरात ठेवता तरी येतो. विकत घेतलेला ऑप्शन म्हणजे रावेरची कापलेली केळी, भाव जागेवर थांबला तरी रोज थोडी किंमत जाते आणि एक्स्पायरीला, म्हणजे मुदत संपते त्या दिवशी, भाव चुकीच्या बाजूला राहिला तर शून्य. शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये सांगितलं की आधीच्या तीन आर्थिक वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन) करणाऱ्या १०० पैकी ९३ सामान्य ट्रेडर तोट्यात होते, सरासरी माणशी दोन लाखांच्या आसपास. दोन लाख म्हणजे आपल्याकडे कोरडवाहू कापसाचा अख्खा हंगाम हो भाऊ.

मी आता घेण्याआधी वहीत एक ओळ लिहितो, का घेतोय आणि कुठे निघणार. भाव पडला की आधी वही उघडतो, मोबाईल नंतर.