मांगे पाह्य!

भुसावळला रेल्वेच्या मैदानावर संध्याकाळी साडेपाचनंतर एक आरोळी सतत ऐकू येते. "मांगे पाह्य रे, मांगे!" आरोळी देणारे गृहस्थ रेल्वेतून निवृत्त झालेले. पोरं त्यांना मास्तर म्हणतात. मास्तरांनी क्रीडाशास्त्र कधी वाचलेलं नाही, पण मैदानाच्या मधोमध खेळणाऱ्या पोराला ते पंचवीस वर्षं हे दोनच शब्द ऐकवत आलेत.

माझा भाचा तिथे फुटबॉल खेळतो, मिडफिल्डला. आमच्या लहानपणी त्या जागेला नुसतं 'हाफ' म्हणायचे आणि ज्याला गोल मारता येत नाही, अडवताही येत नाही, त्याला तिथे उभं करायचे. भाचा सोळा वर्षांचा आहे. त्याला व्यावसायिक खेळाडू व्हायचंय, त्यामुळे मॅच संपली की पहिला प्रश्न ठरलेला: "मामा, मी किती पळालो?"

प्रश्न चुकीचा नाही. वरच्या दर्जाच्या सामन्यात मिडफिल्डर साधारण ११ ते १२ किलोमीटर अंतर कापतो, बहुतेकदा संघात सगळ्यात जास्त. तेवढं चालत निघालं तर भुसावळहून वरणगावचा बराचसा रस्ता सरेल. पण हे चालणं सरळ रेषेतलं नसतं. चाल, धाव, वळण, थांबणं, उलटं पळणं असं दर चार-पाच सेकंदांनी काहीतरी बदलतं, नव्वद मिनिटांत हजाराहून जास्त वेळा. या सगळ्यात बॉल त्याच्या पायाशी असतो तो वेळ दोन-तीन मिनिटंही भरत नाही. उरलेली सत्याऐंशी मिनिटं तो काय करतो, यावर त्याची कारकीर्द ठरते. मी परवा वही-पेन घेऊन मैदानाच्या कडेला बसलो ते ही सत्याऐंशी मिनिटं बघायला.

नॉर्वेचे क्रीडाशास्त्रज्ञ गाइर यॉर्डेट यांनी हेच काम फार बारकाईने केलंय. एकाच खेळाडूवर रोखलेल्या कॅमेऱ्याचं चित्रण घेऊन त्यांनी इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधले ११८ खेळाडू तपासले. बॉल पायाशी येण्याआधीच्या काही सेकंदांत खेळाडू मान वळवून बॉलपासून नजर किती वेळा काढतो, एवढंच मोजलं. २०१३मध्ये मांडलेल्या त्या अभ्यासात फ्रँक लॅम्पार्ड आणि स्टीव्हन जेरार्ड हे दोन मिडफिल्डर अगदी वर होते, सेकंदाला सुमारे ०.६ वेळा. म्हणजे पाच सेकंदांत तीनदा. जे जास्त वेळा बघत होते त्यांचे पास जास्त वेळा बरोबर पोचत होते, आणि मागे किंवा आडवे देण्यापेक्षा पुढे दिलेल्या पासमध्ये हा फरक ठळक होता.

एकदाच नीट बघून घेतलं तर का चालत नाही? हात लांब करून अंगठ्याचं नख बघा. डोळ्याला अगदी स्पष्ट दिसतं ते जवळपास त्या नखाएवढंच. बाकीचं जग धूसर असतं. मेंदू ते जुन्या नजरांच्या तुकड्यांतून जोडून दाखवतो आणि आपल्याला वाटतं सगळं दिसतंय. आता हिशेब करा. सहकाऱ्याने १५ मीटरवरून पास दिला. बॉल सेकंदाला १२ मीटर वेगाने आला, तर पोचायला सव्वा सेकंद लागतो. तेवढ्यात सेकंदाला ७ मीटर पळणारा प्रतिस्पर्धी जवळजवळ नऊ मीटर सरकतो. पास निघण्याआधी तुमच्या डोक्यात असलेलं मैदानाचं चित्र बॉल पायाला लागेपर्यंत शिळं झालेलं असतं. त्यात पाहून हालचाल सुरू करायलाच माणसाला सेकंदाचा पाचवा हिस्सा जातो. म्हणून चित्र ताजं ठेवायला पुन्हा पुन्हा बघावं लागतं. मास्तरांची आरोळी नेमकी याच सव्वा सेकंदासाठी असते.

वहीत मी दोन नावांपुढे रेघा ओढत होतो. एक भाचा. दुसरे लोको शेडमधले एक काका, चाळिशी ओलांडलेले, पोट सुटलेलं, रविवारी पोरांमध्ये खेळायला येणारे. दहा मिनिटांत भाच्याकडे बॉल सात वेळा आला आणि त्याआधी त्याने मागे बघितलं चार वेळा. काकांकडे बॉल नऊ वेळा आला आणि त्यांच्या नावापुढे रेघा पडल्या एकवीस. काका पळाले असतील भाच्याच्या निम्मे. बॉल त्यांच्याकडून एकदाही हिसकावला गेला नाही.

नुसती मान वळवून भागत नाही हेही खरं. दिसलेलं ओळखता यायला हवं. बुद्धिबळावर १९७३मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. पटावरची खऱ्या डावातली मांडणी काही सेकंद दाखवली तर कसलेला खेळाडू ती जवळजवळ जशीच्या तशी पुन्हा लावतो. सोंगट्या कशाही विखुरल्या तर त्याची आठवण नवख्याच्या पातळीला येते. त्याची स्मरणशक्ती दांडगी नसते, त्याला ओळखीचे आकार दिसतात. फुटबॉलमध्येही असाच फरक आढळलाय. हे आकार साठायला वर्षं लागतात आणि ती वर्षं शरीराने टिकायला हवं. खानदेशात खरी अडचण इथे सुरू होते.

इथला मे महिना सांगायला नको. पण मैदानावर नुसता तापमापक बघून काही कळत नाही. फुटबॉलची जागतिक संघटना फिफा सामन्यात पाणी पिण्यासाठी खेळ थांबवायचा का हे ठरवताना तीन तापमापकांचं मिश्रण वापरत आलीय. ओल्या कापडात गुंडाळलेल्याला ७० टक्के वजन, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्याला २० टक्के आणि साध्या तापमापकाला फक्त १० टक्के. हा आकडा ३२ अंशांच्या वर गेला की विश्रांती. ब्राझीलच्या २०१४च्या विश्वचषकात नेदरलँड्स-मेक्सिको सामन्यात ती पहिल्यांदा अधिकृतपणे दिली गेली.

ओल्या कापडाला एवढा मान का, हे आपल्या घरातला माठ सांगतो. माठाचं पाणी पाझरतं, वाळतं आणि वाळताना उष्णता घेऊन जातं. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर अंगातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता काढतो. ठिबकून मातीत पडलेला घाम फुकट गेला. भुसावळचा माठ दुपारी गारेगार असतो आणि मुंबईच्या नातेवाइकांकडचा कोमट, कारण तिथली हवा आधीच ओली. ४४ अंशांची आपल्याकडची दुपार धरा, हवेत दमटपणा १५ टक्के. ओलं कापड २३ अंश दाखवेल आणि काळा गोळा ५५ धरला तर मिश्रण येतं साडेएकतीस. मुंबईत ३४ अंश, ओलं कापड २८, ढगाळलेल्या उन्हात गोळा ४५ धरला तर येतात बरोबर ३२. दहा अंश कमी, तरी खेळाडूला त्रास तेवढाच.

यावर खूश होऊन कुणी भर दुपारी मैदानात उतरू नये. कोरडी हवा फसवते. घाम दिसायच्या आत वाळतो, पाठीवर फक्त मिठाचा नकाशा राहतो आणि पोराला वाटतं आपल्याला घामच आला नाही. भाच्याला मी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातल्या वजनकाट्यावर उभा केला. खेळायच्या आधी ५८.४ किलो, नंतर ५७.१. मध्ये तो अर्धा लिटर पाणी प्यालेला. म्हणजे जवळजवळ १.८ लिटर पाणी अंगातून गेलं होतं. परत न भरलेली तूट वजनाच्या २ टक्क्यांपुढे गेली की धावणंही मंदावतं आणि लक्षही, असा साधारण ठोकताळा आहे. त्याची गेली होती दोनच्या थोडी वर. "तरी मला तहान नव्हती," तो म्हणाला. तहान उशिरा येते.

इंधनाचं गणितही याच पोरांवर बघायला मिळतं. स्नायूंत साठलेली साखर, म्हणजे ग्लायकोजन, मोठ्या माणसात ४००-५०० ग्रॅमच्या आसपास असते. स्वीडनच्या बेंग्ट साल्टिन यांनी १९७३मध्ये दाखवलं की ज्या खेळाडूंचा साठा सामन्याच्या सुरुवातीलाच कमी होता ते एकूण कमी पळाले आणि बराच वेळ नुसते चालत राहिले. एका पिकलेल्या केळ्यात साधारण २५ ग्रॅम कर्बोदकं असतात, आणि रावेर-यावलच्या पट्ट्यात राहून हाफटाइमला केळं मिळत नाही असं कुणी सांगू नये. केळ्यातल्या पोटॅशियममुळे पोटरीत गोळा येत नाही, ही समजूत मात्र सोडायला हरकत नाही. गोळा बहुतेकदा थकलेल्या स्नायूला येतो. आणि दुपारी तुपात बुडवलेली वरणबट्टी हाणून चार वाजता खेळायला येणाऱ्यांबद्दल मास्तर जे बोलतात ते इथे छापता येणार नाही. तुपाने पोट रिकामं व्हायला वेळ लागतो, एवढं शास्त्र त्यात नक्की आहे.

निवडीचं प्रकरण वेगळंच. वयोगटाची मोजणी १ जानेवारीपासून होत असेल तर जानेवारीत जन्मलेला पोरगा डिसेंबरवाल्यापेक्षा जवळपास वर्षाने मोठा. चौदाव्या वर्षी हा फरक हाडापेरात दिसतो, निवडणाऱ्याला तो गुणवत्ता वाटतो. जगभरच्या युवा संघांत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेले जास्त सापडतात ते यामुळे. क्रोएशियाचा मिडफिल्डर लुका मॉड्रिच ९ सप्टेंबरचा. लहानपणी अंगाने किरकोळ म्हणून त्याला नाकारल्याची गोष्ट क्रोएशियात सगळ्यांना ठाऊक आहे. भाच्याचा जन्म नोव्हेंबरचा. जिल्ह्याच्या निवडीत त्याला गेल्या वर्षी "अंगाने भर" असं सांगून परत पाठवलं, तेव्हा मी त्याला हेच ऐकवलं. त्याला फारसा फरक पडला नाही, सोळाव्या वर्षी कुणाला पडतो?

मॉड्रिचचं पुढचं सांगायलाच हवं. २०१८च्या विश्वचषकात क्रोएशियाचे डेन्मार्क, रशिया आणि इंग्लंडविरुद्धचे तिन्ही बाद फेरीचे सामने जादा वेळेत गेले, १ जुलै ते ११ जुलै या अकरा दिवसांत. म्हणजे अंतिम सामन्याआधी संघाच्या पायात एक अख्खा सामना जादा. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू मॉड्रिच ठरला आणि त्याच वर्षी तेहेतिसाव्या वर्षी त्याला बॅलन डी'ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार मिळाला. २०२२ला सदतिसाव्या वर्षी तो पुन्हा विश्वचषकात मधोमध उभा होता. २०२५मध्ये चाळिशीच्या उंबऱ्यावर स्पेनचा रेआल माद्रिद क्लब सोडून तो इटलीच्या मिलान क्लबला गेला, खेळायला.

शरीराचा नियम त्यालाही सुटलेला नाही. प्राणवायू वापरायची कमाल क्षमता पंचविशी-तिशीनंतर वर्षाला साधारण एका टक्क्याने घसरते. सराव चालू ठेवणाऱ्याची निम्म्या गतीने. झटक्याने आकुंचन पावणारे स्नायूतंतू आधी बारीक होतात, म्हणून पहिल्यांदा जाते ती दहा-वीस मीटरची सुसाट धाव. एकूण अंतर फारसं घटत नाही. ज्याची रोजीरोटी त्या धावेवर आहे तो कडेने पळणारा विंगर किंवा पुढे गोल मारणारा स्ट्रायकर तिशीनंतर अडचणीत येतो. मिडफिल्डरला धावायची गरज एक सेकंद आधी ओळखता आली, तर तो चालतच तिथे पोचतो. लोको शेडचे काका तेच करतात, फक्त त्यांच्यासमोर सोळा वर्षांची पोरं असतात.

हे सगळं भाच्याला सांगितलं. तो मोबाइलवर होता. पुढच्या रविवारी मी पुन्हा वही घेऊन बसलो. दहा मिनिटांत बॉल आठ वेळा आला, मागे बघितल्याच्या रेघा तेरा. मी खूश झालो. घरी येताना तो म्हणाला, "मामा, त्यातल्या पाच खोडून टाक. तू लिहितोयस का ते बघत होतो."