नांगर फिरवलेल्या जमिनीखाली

वॉर्साच्या ईशान्येला असलेल्या ट्रेब्लिंका येथील संहार छावणीत जुलै १९४२ पासून साधारण वर्षभरात नाझींनी ८ लाखांहून अधिक माणसे विषारी वायूने मारली. त्यांतील बहुतेक सारी ज्यू होती. सुरुवातीला खड्ड्यांत पुरलेली प्रेते १९४३ मध्ये उकरून रेल्वे रुळांच्या जाळ्यांवर जाळण्यात आली. त्यानंतर इमारती पाडल्या, जमीन नांगरली आणि तीत ल्यूपिन हे द्विदल पीक पेरले. मारेकऱ्यांनी ही शेती केली ती केवळ पुरावा मिटवण्यासाठी.

एकदा खणलेली जमीन मात्र सहसा पूर्ववत होत नाही. खड्डा त्याच मातीने बुजवला, तरी मूळचे थर पुन्हा तसेच बसत नाहीत. भरावाचा घट्टपणा आणि ओल धरून ठेवण्याची क्षमता आजूबाजूच्या मातीहून वेगळी राहते. भूवेधी रडार जमिनीत विद्युतचुंबकीय स्पंद सोडते आणि मातीचा गुणधर्म जिथे बदलतो, तिथून परतलेल्या लहरींच्या वेळेवरून त्या सीमेची खोली काढता येते. विद्युतरोध मोजण्याच्या पद्धतीत ओलसर भराव आणि गाडलेला पाया वेगवेगळे दिसतात, कारण ओलीतून वीज सहज वाहते, विटांतून तितकी नाही.

ज्यू धर्मशास्त्रानुसार मृतांची विश्रांती भंग करणे निषिद्ध असल्याने ब्रिटिश न्यायवैद्यक पुरातत्त्वज्ञ कॅरोलिन स्टर्डी कॉल्स यांनी २०१० च्या सुमारास सुरू केलेल्या संशोधनात न खणता तपासण्याच्या या पद्धतींवर भर दिला. रडारला खड्डा दिसतो, तो कोणी खणला हे कळत नाही. आणि युद्धानंतर सोन्याच्या आशेने स्थानिक लोकांनीही ही जमीन उकरली होती. म्हणून प्रत्येक खूण विमानातून घेतलेली जुनी छायाचित्रे आणि वाचलेल्यांच्या साक्षी यांच्याशी ताडून पाहावी लागते.

पुढे मोजक्याच जागी झालेल्या उत्खननात विटांचे पाये आणि फरशीचे तुकडे सापडले. वायुकक्षांत फरशी बसवली होती, असे साक्षीदारांनी सांगितले होतेच. एका फरशीच्या मागे तारा उमटलेला दिसला आणि तो ज्यूंचे चिन्ह असलेला डेव्हिडचा तारा असावा असे प्रथम वाटले; प्रत्यक्षात ती जेवुल्स्की आणि लांगे या पोलिश फरशी कारखान्याची खूण निघाली. ही चूक दुरुस्त झाल्याने पुरावा दुबळा झाला नाही, उलट अधिक नेमका झाला: फरशी खरी, तिचा कारखाना ठाऊक, आणि ती मिळाली ती साक्षीदारांनी वर्णन केलेल्या इमारतीच्या अवशेषांत.