बेरीज नको, हजेरी हवी: संत्र्याच्या रसातली अमिनो आम्ले

कळमन्याच्या बाजारात अंबिया बहाराची संत्री उतरू लागली की नागपुरात बाटलीबंद रसाचीही चलती होते आणि त्यासोबत एक जुना प्रश्न पुन्हा डोके वर काढतो: या बाटलीत रस किती आणि साखरेचे पाणी किती? साखर आणि सायट्रिक आम्ल या दोन्ही वस्तू दुकानात मिळतात, त्यामुळे केवळ त्यांच्या मोजणीवरून भेसळ पकडणे कठीण असते. फळाने झाडावर असताना स्वतः घडवलेल्या अमिनो आम्लांचे मिश्रण मात्र जसेच्या तसे जुळवणे भेसळ करणाऱ्याला परवडत नाही, म्हणून रसाच्या तपासणीत या आम्लांना फार मोल आहे.

त्यांची मोजणी करण्याची सर्वांत साधी रीत शंभर वर्षांहून जुनी आहे. सामूची (पीएच, म्हणजे आम्लतेची) मोजपट्टी देणारे डेन्मार्कचे रसायनशास्त्रज्ञ सोरेन्सन यांनीच १९०७ मध्ये ती सुचवली. रसात फॉर्मल्डिहाइड घातले की ते अमिनो गटाला पकडते, त्यामुळे आम्लता मोकळी होते आणि ती कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाने मोजता येते. या आकड्याला फॉर्मॉल अंक म्हणतात. रीत स्वस्त आहे, झटपट आहे, पण तिच्या हाती लागते ती फक्त बेरीज. पाणी घातलेल्या रसात थोडे ग्लायसिन टाकले, आणि ग्लायसिन हे अमिनो आम्लांतले सर्वांत साधे व स्वस्त मिळणारे आम्ल आहे, की बेरीज पुन्हा जागेवर येते. लिंबूवर्गीय फळांच्या रसात सहसा प्रोलिन पुढे असते आणि त्याच्या जोडीला अ‍ॅस्परजिन, आर्जिनिन, सेरिन, अ‍ॅस्पार्टिक आम्ल अशी मंडळी असतात. त्यातला कोण हजर आहे, कोण गैरहजर आहे आणि कोण प्रमाणाबाहेर आला आहे हे पाहायचे, तर प्रत्येकाला वेगळे काढण्यावाचून गत्यंतर नाही.

इथे अडचण सुरू होते, आणि ती अमिनो आम्लांच्या स्वभावातच आहे. प्रत्येकात एक कार्बॉक्सिल गट असतो, जो ऋण भार घेऊ शकतो, आणि एक अमिनो गट असतो, जो धन भार घेऊ शकतो. साध्या पाण्यात बहुतेक आम्लांवर हे दोन्ही भार एकाच वेळी असतात. या सामाईक सांगाड्याला जी बाजूची साखळी जोडलेली असते, तीच एकाला दुसऱ्यापासून वेगळे करते. लायसिन आणि आर्जिनिनच्या साखळीवर जादा धन भार असतो, ग्लुटामिक आणि अ‍ॅस्पार्टिक आम्लाच्या साखळीवर ऋण भार, तर ल्युसिन आणि फिनिलअ‍ॅलनिनची साखळी तेलकट, पाण्याला नकोशी असते. थोडक्यात, एकाच रेणूत भार आणि तेलकटपणा हे दोन स्वतंत्र गुण आहेत, आणि प्रयोगशाळेतले बहुतेक कॉलम, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या बारीक कणांनी भरलेल्या नळ्या, यांपैकी एकाच गुणाकडे पाहतात. दोन्हींकडे एकाच वेळी पाहणाऱ्या मिश्र पद्धतीच्या कॉलमची ही गोष्ट आहे.

औषधांच्या तपासणीत रोज वापरला जाणारा सी-१८ कॉलम घ्या. त्यातल्या सिलिकाच्या कणांवर अठरा कार्बनांच्या तेलकट साखळ्या बसवलेल्या असतात, ज्या तेलकट रेणूंना धरून ठेवतात. ग्लायसिन, सेरिन, अ‍ॅस्पार्टिक आम्ल यांना तिथे धरण्यासारखे काहीच सापडत नाही. पंधरा सेंटीमीटर लांबीच्या नेहमीच्या कॉलममधून मिनिटाला एक मिलिलिटर द्रव सोडला, तर ही सगळी मंडळी दीड-दोन मिनिटांत एकाच घोळक्याने बाहेर पडतात.

यावरचा रूढ उपाय म्हणजे अमिनो आम्लाला एखादा तेलकट अंगरखा चढवणे. ही कल्पना विभाजन क्रोमॅटोग्राफीच्या, म्हणजे दोन द्रवांतल्या विद्राव्यतेच्या फरकावरून मिश्रण वेगळे करण्याच्या तंत्राच्या, इतिहासाइतकीच जुनी म्हणावी लागेल, कारण लीड्सच्या लोकर संशोधन संस्थेत मार्टिन आणि सिंज यांनी १९४१ मध्ये विभाजन क्रोमॅटोग्राफी दाखवली, तीही अ‍ॅसिटिल गट चढवलेल्या अमिनो आम्लांवरच. या कामासाठी त्यांना १९५२ चे नोबेल मिळाले. आज अंगरख्यांचे बरेच प्रकार मिळतात. त्यांतला ओपीए नावाचा अभिकारक फार लोकप्रिय आहे, पण त्याला प्राथमिक अमिनो गट लागतो आणि प्रोलिनचा अमिनो गट वलयात अडकलेला असल्यामुळे तो दुय्यम असतो. म्हणजे संत्र्याच्या रसातले मुख्य पात्रच या चाचणीत दिसत नाही आणि त्याच्यासाठी वेगळा अभिकारक आणावा लागतो. शिवाय ओपीएची संयुगे टिकाऊ नसतात, त्यामुळे मिसळण्यापासून कॉलममध्ये सोडण्यापर्यंतची वेळ दरवेळी अगदी सारखी सांभाळावी लागते. हे काम ज्यांनी हाताने केले आहे, त्यांना अंगरख्याविना चालणाऱ्या पद्धतीचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

दुसरी वाट भाराची. स्टाइन आणि मूर या रसायनशास्त्रज्ञांनी ऋण भाराचे सल्फॉनिक गट असलेल्या रेझिनवर अमिनो आम्ले वेगळी केली, आणि १९५८ मध्ये स्पॅकमन यांच्यासह त्यांनी हे काम आपोआप करणारे यंत्र उभे केले. कॉलममधून बाहेर पडणाऱ्या द्रवात निनहायड्रिन मिसळायचे आणि उमटणारा जांभळा रंग मोजायचा, अशी त्याची पद्धत. प्रोलिनचा रंग तेवढा पिवळा येतो आणि वेगळ्या तरंगलांबीवर वाचावा लागतो. ही पद्धत अजूनही भरवशाची आहे, पण तिला स्वतंत्र यंत्र, सोडियम किंवा लिथियमच्या क्षारांची द्रावणे आणि बराच वेळ लागतो. हे क्षार वाफ होऊन उडत नाहीत, त्यामुळे पुढे रेणूंचे वजन मोजणारे वस्तुमानमापक यंत्र जोडायचे म्हटले तर तेही जमत नाही.

मिश्र पद्धतीच्या कॉलममध्ये हे दोन्ही गुण एकाच कणावर बांधलेले असतात. साधारण पाच मायक्रोमीटर आकाराचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या पंधराव्या भागाएवढा सिलिकाचा कण घ्यायचा आणि त्यावर अशी साखळी जोडायची, जिचा एक भाग तेलकट असतो आणि जिच्यावर एक आम्लगटही असतो. समोरून येणाऱ्या रेणूला मग दोन ठिकाणी थांबावेसे वाटते: त्याचा धन भार आम्लगटाकडे ओढला जातो आणि त्याची बाजूची साखळी तेलकट भागात शिरू पाहते. अ‍ॅस्पार्टिक आम्लाला दोन्हींत फारसा रस नसतो, म्हणून ते लवकर निघून जाते. व्हॅलिनला थोडा वेळ लागतो. ल्युसिन आणि फिनिलअ‍ॅलनिन तेलकटपणामुळे मागे राहतात, तर लायसिन आणि आर्जिनिन दुहेरी धन भारामुळे आणखी रेंगाळतात. ल्युसिन आणि आयसोल्युसिन या जोडीची अणुरचना सोडली तर सगळे सारखेच असते. दोघांचे सूत्र एक, वस्तुमान १३१. वस्तुमानमापकाला केवळ वजनावरून ही जुळी भावंडे ओळखता येत नाहीत, त्यांना आधी कॉलमनेच वेगळे केलेले बरे. फांदी मुख्य सांगाड्याजवळ असलेले आयसोल्युसिन सहसा आधी बाहेर येते.

या पद्धतीची खरी गंमत तिच्या नियंत्रणात आहे. द्रवातले अ‍ॅसिटोनायट्राइल वाढवले की तेलकट पकड ढिली होते. क्षार वाढवला की भाराची पकड ढिली होते. आणि सामू बदलला की रेणूवरचा भारच बदलतो. ग्लायसिनच्या कार्बॉक्सिल गटाचा पीकेए, म्हणजे ज्या सामूला हा गट निम्म्या रेणूंत भारित असतो तो आकडा, सुमारे २.३ आहे. सामू तिथेच ठेवला तर त्याच्या निम्म्या रेणूंवर एकूण धन भार असतो, आणि सामू ३.३ वर नेला की असे रेणू दहा टक्क्यांच्याही खाली येतात. सामूच्या एका अंकाने ग्लायसिनचा मुक्काम किती बदलतो, हे यावरून लक्षात यावे. अमोनियम फॉर्मेट आणि फॉर्मिक आम्ल यांसारखे उडून जाणारे पदार्थ वापरले की पुढे वस्तुमानमापक किंवा प्रकाश-विकिरणावर चालणारा शोधक जोडता येतो, आणि हे सोयीचे आहे, कारण बहुतेक अमिनो आम्ले अतिनील प्रकाश २१० नॅनोमीटरच्या आसपास कशीबशी शोषतात आणि तिथे फॉर्मिक आम्ल स्वतःच आडवे येते.

दोन गुण एकत्र पाहण्याची युक्ती विदर्भाला एका वेगळ्या संदर्भात जवळची आहे. सिकलसेलच्या आजारात हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, म्हणजे ऋण भाराच्या जागी तेलकट साखळी. १९५६ मध्ये केंब्रिजला व्हर्नन इन्ग्रॅम यांनी हे शोधताना हिमोग्लोबिनचे ट्रिप्सिन या विकराने तुकडे केले, ते एका कागदावर आधी विजेच्या दाबाने एका दिशेला सरकवले आणि मग त्याच्या काटकोनात क्रोमॅटोग्राफीने. पहिल्या दिशेने भार पाहिला, दुसरीने पाण्याशी असलेले सख्य. कागदावरचा फक्त एक ठिपका सरकलेला निघाला. मिश्र कॉलम तेच दोन प्रश्न एकाच नळीत विचारतो, एवढाच फरक.

अर्थात दोन पकडी म्हणजे सांभाळायच्या दोन गोष्टी, आणि नागपुरात त्यांत तिसरी भर पडते ती उन्हाची. मे महिन्यातली एक दुपार मला चांगली आठवते. वातानुकूलन बंद पडले होते, खोली ३६ अंशांवर गेली होती आणि कॉलम ओव्हनवर ३० हा आकडा लावलेला होता. तो ओव्हन फक्त तापवू शकत होता, गार करू शकत नव्हता, त्यामुळे कॉलम प्रत्यक्षात खोलीच्याच तापमानाला चालला होता. तापमान वाढले की तेलकट पकड आणि भाराची पकड सारख्याच प्रमाणात बदलत नाहीत, म्हणून आलेखावरची एकेका आम्लाची शिखरे नुसती लवकर आली नाहीत, तर त्यांच्यातली अंतरेही बिघडली आणि सकाळी सुटे दिसलेले एक शिखर दुपारी शेजारच्याला चिकटले. आम्ही दोन दिवस द्रावणाचा सामू पुन्हा पुन्हा मोजत बसलो. शेवटी कोणीतरी ओव्हनच्या दाराला हात लावून पाहिला. त्यानंतर तापमान ४० वर नेले, अ‍ॅसिटोनायट्राइलचे प्रमाण नव्याने बसवले, आणि प्रोलिनपासून आर्जिनिनपर्यंतची सगळी मानके, म्हणजे तुलनेचे शुद्ध नमुने, पुन्हा पहिल्यापासून चालवली.