एस्टरांतरण : वनस्पती तेलापासून बायोडिझेल

वनस्पती तेलाचे बायोडिझेल करण्याची रासायनिक प्रक्रिया. तेलातील ट्रायग्लिसराइडांची (ग्लिसरीनला तीन वसाम्ले जोडलेले रेणू) मिथेनॉलशी विक्रिया होऊन मिथिल एस्टर (बायोडिझेल) बनते आणि ग्लिसरीन तळाशी बसते. मूळ तेल डिझेलपेक्षा कितीतरी दाट असते. एस्टर झाल्यावर त्याची श्यानता (दाटपणा) डिझेलच्या जवळपास येते. पाम तेलाच्या एथिल एस्टरांचे पेटंट बेल्जियममध्ये १९३७ साली घेतले गेले.

विक्रिया उलटसुलट दोन्ही दिशांनी चालते. हिशेबाने तेलाच्या एका रेणूला मिथेनॉलचे ३ रेणू पुरतात. विक्रिया एस्टरच्या बाजूला झुकावी म्हणून ६ घालतात. फारच जास्त घातले तर ग्लिसरीन नीट सुटत नाही. तापमान ६० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवतात, कारण मिथेनॉल ६४.७ अंशांना उकळते. तेल आणि मिथेनॉल एकमेकांत मिसळत नाहीत, त्यामुळे सुरुवातीला जोरात ढवळणे आवश्यक.

उतारा (मिळणारे बायोडिझेल) बिघडतो तो बहुधा पाणी आणि मुक्त, म्हणजे ग्लिसरीनपासून सुट्या झालेल्या, वसाम्लांमुळे. कॉस्टिक सोडा किंवा पोटॅश हे नेहमीचे उत्प्रेरक (विक्रियेचा वेग वाढवणारे पदार्थ) वसाम्लांशी साबण बनवतात आणि थर फाटतच नाहीत. अशा वेळी नुसता सोडा वाढवणे म्हणजे साबणच वाढवणे. करंजाचे किंवा वारंवार तळलेले तेल या बाबतीत त्रासदायक. ते आधी तापवून पाणी उडवतात, मग सल्फ्युरिक आम्ल व मिथेनॉल वापरून वसाम्लांचेही एस्टर करतात. यात पुन्हा पाणी तयार होते. ते काढल्यावरच अल्कलीची (सोडा किंवा पोटॅशची) पायरी घेतात. अल्कलीची पायरीही दोन हप्त्यांत केली, मधे ग्लिसरीन काढून टाकले, तर विक्रिया आणखी पुढे सरकते.

लहान कारखान्यात एक सोपी चाचणी चालते : २७ मिली मिथेनॉलमध्ये ३ मिली बायोडिझेल हलवायचे. द्रावण स्वच्छ राहिले तर ठीक. तळाशी तेलाचे थेंब दिसले तर विक्रिया अपुरी. मात्र अर्धवट रूपांतरित मोनो- व डायग्लिसराइडे मिथेनॉलमध्ये विरघळून या चाचणीतून निसटतात, म्हणून तिच्यावर विसंबणे बरे नाही. भारतीय मानक आयएस १५६०७ नुसार एस्टर किमान ९६.५ टक्के हवे, आणि ते प्रयोगशाळेतच ठरते.

सोडा-पोटॅशऐवजी लायपेज विकरे (मेदावर काम करणारे जैविक उत्प्रेरक) वापरली तर त्यांना वसाम्लांची अडचण नसते; पण एकदम ओतलेल्या मिथेनॉलने ती निकामी होतात, म्हणून ते टप्प्याटप्प्याने देतात. चुन्यासारखा (कॅल्शियम ऑक्साइड) घन उत्प्रेरक गाळून परत वापरता येतो, तरी त्यातले थोडे कॅल्शियम इंधनात उतरते आणि ते पुन्हा काढावे लागते.