चिलखती घोडदळ चौखूर उधळायचं नाही, दुडकत यायचं

पिक्चरमध्ये लोखंडात मढवलेले घोडेस्वार चौखूर उधळत येतात आणि समोरची फळी पत्त्यांच्या बंगल्यासारखी कोसळते. भारी दिसतं, पण 10व्या शतकातला बायझंटाइन (म्हणजे पूर्व रोमन) सम्राट निकेफोरस फोकास (राज्य 963 ते 969) याच्या नावाने जी लष्करी पुस्तिका आहे त्यात सांगितलंय की या 'कॅटाफ्रॅक्ट' स्वारांनी शिस्तीत, दुडक्या चालीने जायचं.

आता फिजिक्स म्हणतं वेग तिप्पट झाला तर ऊर्जा नऊपट, मग हळू का? कारण प्रत्येक घोड्याचा वेग वेगळा, सगळे सुसाट सुटले की दोनशे पावलांत रांगेची पार वाट लागते आणि एकटा पडलेला स्वार म्हणजे आयतं गिऱ्हाईक. शिवाय घोडा काही येडा नाही, भाल्यांची भिंत हलली नाही तर तो स्वतःहून तिच्यावर जाऊन आदळत नाही. म्हणजे भिंत आधी मनातून फुटायला हवी, आणि त्यासाठी गुडघ्याला गुडघा लावून, न थांबता अंगावर येणारी चिलखती पाचर (पुढे अरुंद, मागे रुंद होत जाणारी रचना) पुरेशी असते.

या पाचरीचा हिशोब मला जाम आवडतो. पहिल्या रांगेत 20 जण, मागच्या प्रत्येक रांगेत 4 वाढवायचे, बाराव्या रांगेत 64, टोटल 504. त्यातले 150 धनुर्धारी, ते आतल्या बाजूला. पुढच्यांच्या हातात लोखंडी गदा, कारण चिलखतावर तलवार घसरते पण गदेचा दणका आतल्या हाडापर्यंत जातो. घोड्यालाही नमदा आणि उकळून कडक केलेलं चामडं गुडघ्यापर्यंत, उघडे फक्त डोळे, नाकपुड्या आणि खालचे पाय. उन्हात त्या बिचाऱ्याचं काय होत असेल!

रिकिबीमुळेच हे सगळं शक्य झालं असंही खूप जण सांगतात, ते अर्धवट आहे. रिकिबीने बैठक पक्की झाली हे खरं, पण इ.स.पू. 53 मध्ये आजच्या तुर्कस्तानातल्या कॅर्‍हीला रोमनांना धुणाऱ्या पार्थियन (प्राचीन इराणी) सैन्यातही चिलखती स्वार होतेच की, तेही बिनरिकिबीचे.

खरी अडचण पैशाची. तिकडे पश्चिमेला फ्रँक लोकांच्या एका कायद्यात चिलखताची किंमत 12 सॉलिडस (सोन्याची नाणी) आणि धडधाकट बैल 2 सॉलिडसला. 805 मध्ये फ्रँकांचा सम्राट शार्लमेनने फर्मान काढलं की ज्याच्याकडे 12 शेतकरी कुटुंबांची जमीन आहे त्याने चिलखत घालूनच यायचं. म्हणजे अंगावर सहा बैल, आणि यात घोडा, तलवार, शिरस्त्राण धरलेलंच नाहीये.