न्यू साउथ वेल्समध्ये घरच्या स्विमिंग पूलसाठी कुंपण, नोंदणी आणि प्रमाणपत्र

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यात, म्हणजे सिडनी आणि आसपास, पूल असलेले घर घेणाऱ्या किंवा भाड्याने देणाऱ्या मराठी कुटुंबांनी १९९२ चा स्विमिंग पूल्स अ‍ॅक्ट व्यवहाराआधीच समजून घ्यावा. ज्यात ३०० मिलिमीटरपेक्षा, म्हणजे साधारण फूटभरापेक्षा, जास्त खोल पाणी भरता येते ते सर्व पूल या कायद्याखाली येतात. त्यामुळे उन्हाळ्यात मुलांसाठी अंगणात फुगवून ठेवलेला मोठा पूलही सुटत नाही. स्पाला, म्हणजे बसून डुंबायच्या गरम पाण्याच्या टबाला, मात्र कुंपणाऐवजी लहान मुलांना उघडता येणार नाही असे कुलूपबंद झाकण चालते.

पहिली पायरी नोंदणीची आहे. राज्याच्या ऑनलाइन स्विमिंग पूल रजिस्टरवर मालकाने स्वतः नोंदणी केल्यास शुल्क लागत नाही. घराचा पत्ता, पूलचा प्रकार आणि बांधकामाचा काळ यांबरोबरच, आपल्या माहितीप्रमाणे पूल नियमात बसतो की नाही हेही त्यात लिहून द्यावे लागते. म्हणून अर्ज भरण्याआधी हातात टेप घेऊन कुंपणाभोवती एक फेरी मारावी.

कुंपणाची उंची बाहेरच्या जमिनीपासून किमान १,२०० मिलिमीटर असावी लागते, आणि खालची फट तसेच उभ्या गजांमधील अंतर १०० मिलिमीटरच्या आत असावे लागते. शेजाऱ्याबरोबरची सामाईक भिंत किंवा कुंपण हाच अडथळा धरला असेल, तर त्याची उंची १,८०० मिलिमीटर हवी. फाटक पूलच्या विरुद्ध दिशेला, बाहेर उघडणारे, आपोआप मिटणारे आणि आपोआप कडी लागणारे असावे. ते पूर्ण उघडून सोडून पाहणे पुरेसे नाही. चार बोटे उघडून सोडावे आणि कडी बसल्याचा ‘खट’ आवाज येतो का ते ऐकावे. स्प्रिंग सैल झाली असेल तर फाटक नेमके तिथेच अडते, आणि दुरून पाहणाऱ्याला ते बंदच वाटते.

आपल्या घरांतून सर्वांत जास्त दुर्लक्षित राहतो तो ९०० मिलिमीटरचा नियम. कुंपणाभोवती एवढ्या पट्ट्यात मुलाला पाय ठेवून चढता येईल असे काहीही नसावे. भारतातून आलेल्या आजींनी ऊन बघून कुंपणालगत ठेवलेली तुळशीची कुंडी, कपडे वाळत घालायचा स्टँड, नातवाची तीनचाकी सायकल या सगळ्या त्या मुलासाठी पायऱ्याच ठरतात. बुडणारे लहान मूल बहुधा ओरडत नाही, त्यामुळे स्वयंपाकघरातून आपल्याला ऐकू येईल या भरवशावर कोणी राहू नये. बुडालेल्याला शुद्धीवर आणण्याच्या प्रथमोपचाराचा फलकही पूलजवळ, सहज वाचता येईल असा लावणे बंधनकारक आहे.

१ ऑगस्ट १९९० पूर्वीच्या काही पूलना घराच्या बाजूने वेगळे कुंपण न घालता सुरक्षित दारे-खिडक्यांवर भागवण्याची सवलत आहे. २३० चौरस मीटरपेक्षा लहान, २ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या आणि पाणकाठच्या मालमत्तांनाही वेगळे निकष लागू होऊ शकतात, पण पूल १ जुलै २०१० पूर्वीचा असेल तरच. सवलत गृहीत न धरता कौन्सिलकडून, म्हणजे तिथल्या नगरपालिकेकडून, खात्री करून घ्यावी.

अनुपालन प्रमाणपत्रासाठी, म्हणजे पूल नियमात बसतो अशा दाखल्यासाठी, स्थानिक कौन्सिल किंवा परवानाधारक खाजगी निरीक्षक यांच्याकडे अर्ज करता येतो. २०१८ च्या नियमावलीत कौन्सिलच्या शुल्काची कमाल मर्यादा पहिल्या तपासणीसाठी १५० आणि फेरतपासणीसाठी १०० डॉलर होती. खाजगी निरीक्षक आपला दर स्वतः ठरवतात. प्रमाणपत्र ३ वर्षे चालते. पूल नवा असेल, तर ३ वर्षांच्या आतील ऑक्युपेशन सर्टिफिकेट (बांधकाम वापरायला दिलेला परवाना) आणि नोंदणीचा पुरावा एवढे पुरते.

घर भाड्याने द्यायचे असेल तर वैध प्रमाणपत्राची प्रत भाडेकरूला द्यावी लागते. विक्रीत मात्र करारासोबत अनुपालन नसल्याचे प्रमाणपत्रही जोडता येते, आणि मग दुरुस्तीची जबाबदारी खरेदीदाराकडे जाऊन त्याला व्यवहार पूर्ण झाल्यापासून ९० दिवस मिळतात. घर घेणाऱ्याने किंमत ठरवतानाच हा खर्च धरावा. भाडेकरूंनीही लक्षात ठेवावे की कुंपण उभारणे मालकाचे काम असले, तरी फाटक बंद ठेवण्याची जबाबदारी तिथे राहणाऱ्याची आहे. पाहुणे आले म्हणून वीट लावून ते उघडे ठेवता येत नाही.