विद्युत रेडिएटर पंखा (ट्रकमधील)

ट्रकच्या रेडिएटरमधून (इंजिनातले गरम पाणी थंड करणाऱ्या जाळीदार भागातून) हवा खेळवण्यासाठी इंजिनाच्या पट्ट्याऐवजी स्वतंत्र विद्युत मोटरीवर चालणारा पंखा. पट्ट्यावरचा पंखा इंजिनाच्या गतीला बांधलेला असल्यामुळे इंजिन मंद चालू असताना, म्हणजे फेरीबोटीच्या रांगेत किंवा फोंड्याच्या बाजारात अडकलेल्या गाडीत, त्याचा वारा तुटपुंजा पडतो. विद्युत पंखा मात्र त्या वेळीही पूर्ण वेगाने फिरतो आणि गरज नसताना बंद राहतो.

गोव्यात हा पंखा प्रामुख्याने मासे, भाजी व बांधकामाचे सामान वाहणाऱ्या हलक्या ट्रकांसाठी सोयीचा आहे. डिचोली, सांगे भागांतील खनिजवाहू टिपरांत किंवा अनमोड व चोर्ला घाट भरल्या मालासह चढणाऱ्या अवजड ट्रकांत मूळचा पंखा काढून त्याच्या जागी असा एखादा पंखा बसवणे योग्य नव्हे. अवजड ट्रकचा मूळ पंखा पूर्ण वेगात २० अश्वशक्ती किंवा त्याहूनही अधिक शक्ती घेऊ शकतो, तर १२ व्होल्टवर २५ अँपिअर घेणाऱ्या विद्युत पंख्याची शक्ती जेमतेम ३०० वॅट, म्हणजे अर्ध्या अश्वशक्तीहूनही कमी असते. अशा गाडीत तो पूरक म्हणूनच शोभतो.

बसवताना पंखा रेडिएटरच्या मागे असल्यास हवा खेचणारा आणि पुढे असल्यास ढकलणारा निवडतात. शक्य असेल तिथे मागची जागा घ्यावी व पंख्याभोवती आवरण द्यावे, कारण आवरणाविना पात्यांसमोरच्या गोलापुरतीच हवा वाहते आणि रेडिएटरचे कोपरे गरमच राहतात. रेडिएटरच्या जाळीतून प्लॅस्टिकच्या पट्ट्या ओवून पंखा बांधण्याची पद्धत सोपी असली तरी वाईट आहे. हादऱ्यांनी पट्टी रेडिएटरच्या नळीवर घासत राहते आणि काही महिन्यांत कुलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) गळू लागते. लोखंडी पट्ट्यांनी पंखा रेडिएटरच्या चौकटीलाच धरावा. जाळीत लाल धूळ बसली असेल तर ती आधी धुऊन काढावी, नाहीतर नव्या पंख्याला दोष देण्यात अर्थ नाही.

जोडणीत रिले, म्हणजे लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच, अनिवार्य आहे. बॅटरीच्या धन टोकाजवळच फ्यूज घालून तिथून जाड तार रिलेच्या ३० क्रमांकाच्या टोकाला आणि ८७ क्रमांकाच्या टोकातून पंख्याला नेतात. ८६ ला इग्निशनचा प्रवाह देतात व ८५ तापमान-स्विचमार्गे अर्थ करतात, म्हणजे चॅसीला (गाडीच्या धातूच्या सांगाड्याला) जोडतात. यामुळे स्विचवर फक्त रिलेच्या वेटोळ्याचा, एका अँपिअरहूनही कमी प्रवाह येतो. थर्मोस्टॅट (कुलंट तापल्यावर त्याला रेडिएटरची वाट मोकळी करणारी झडप) ८२ अंश सेल्सिअसला उघडत असेल तर पंखा साधारण ९२ ते ९५ अंशांना सुरू होणारा असावा. थर्मोस्टॅटच्या खालचे तापमान निवडले तर पंखा बंदच होत नाही. गाडीची यंत्रणा २४ व्होल्टची असल्यास पंखा व रिले दोन्ही २४ व्होल्टचेच लागतात. मोटर सुरू होताना चालू प्रवाहाच्या दुप्पट-तिप्पट झटका घेते, म्हणून २५ अँपिअरच्या पंख्याला ४० अँपिअरचा रिले व तितका प्रवाह पेलणारी तार देतात. ३ मीटर लांबीच्या ४ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेत २५ अँपिअरला सुमारे ०.३ व्होल्ट घटतात, १.५ चौरस मिलिमीटरच्या तारेत हीच घट ०.८६ व्होल्ट होते, शिवाय तार तापते ती वेगळीच.

तारेपेक्षाही अधिक फसवणारा भाग म्हणजे अर्थ. किनारपट्टीच्या खारट, दमट हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात रंगावरच आवळलेला अर्थाचा बोल्ट लवकर गंजतो. लगवरचे (तारेच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या कडीवरचे) आवरण सोलून पाहावे तर आत तांब्यावर हिरवट भुकटी आणि काळवंडलेले धागे दिसतात. अशा सांध्याचा रोध केवळ ०.१ ओहम झाला तरी या पंख्याचे सुमारे २ व्होल्ट तिथेच जिरतात आणि ४० वॅटच्या आसपास उष्णता त्या बोल्टाशी निर्माण होते. पंखा फिरताना दिसतो, पण गाडी तापतच राहते. म्हणून रंग खरवडून उघड्या धातूवर लग आवळावा, वर ग्रीस लावावे, आणि खरे तर पंख्याची ऋण तार चॅसीवर न सोडता थेट बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत न्यावी. पंखा चालू ठेवून मल्टिमीटरची एक काडी मोटरीच्या ऋण टोकावर व दुसरी बॅटरीच्या ऋण टोकावर धरली असता अर्ध्या व्होल्टहून अधिक आकडा आला, तर दोष परतीच्या वाटेत आहे.